गल्ली आधीं, यंत्र मागाहून

‘घर पाहावें बांधून’ असें आपले वडीलधारे सांगत आले. पण बांधकामाचें यंत्र भाड्यानें आणून पाहावें, असें म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ती गेल्या वैशाखांत आमच्यावर आली.

माहूरास रेणुकामातेच्या गडाखालीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. भिंती दगडमातीच्या, चांगल्या दीड हात रुंदीच्या. थोरले बंधु तेथेंच राहतात, धाकटे पुण्यास व आम्ही नांदेडास असतों. पण घर म्हणावें तें काकूंचेंच. पाऊस तेथें बरा पडतो. तरी फाल्गुन सरतांच आमच्या आळींत पाण्याची ओढ सुरू होते. म्हणून मागील अंगणांत पावसाच्या पाण्याची टांकी खणावी व पडक्या गोठ्याच्या जागीं एक पक्की खोली बांधावी, असें ठरलें. तिघांनीं वर्गणी काढली. काकूंनीं आपल्या पाटल्या मोडून तींत भर घातली. त्यामुळें त्या रकमेंतील एकेका रुपयास आमच्या घरीं निराळेंच वजन होतें.

धाकट्या बंधूंनीं हिशेब मांडला. टांकी १२ फूट लांब, ८ फूट रुंद, ६ फूट खोल; म्हणजे खोदाई ५७६ घनफूट. मोठ्या यंत्राचा ताशी दर अधिक, पण काम अर्ध्या दिवसांत उरकणार. तेव्हां घनफुटामागें तेंच स्वस्त! हिशेब बिनचूक होता, आणि यंत्रहि वेळेवर आलें. सारा महाराष्ट्र ज्यास ‘जेसीबी’ म्हणतो तेंच हें. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थानें १९४५ सालीं काढलेल्या कारखान्याचीं हीं आद्याक्षरें आतां यंत्राचेंच सामान्यनाम होऊन बसलीं आहेत. त्याची रुंदी भरली साडेसात फूट, आणि आमच्या गल्लीचें वळण साडेसहा!

चालकानें तोड सुचविली, “शेजारच्या ओट्याचा कोपरा काढूं, मग जाईल.” शेजारीणबाई एकट्या, वयोवृद्ध, त्या कोपऱ्यावर त्यांचें तुळशीवृंदावन. थोरले बंधु म्हणाले, “टांकी राहिली तरी चालेल, हें होणार नाहीं.” यंत्र आल्या वाटेनें परत गेलें. जाण्यायेण्याचें व ठरलेल्या किमान तासांचें भाडें मात्र द्यावेंच लागलें. त्या रात्रीं भावांभावांत जे शब्द झाले, ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. काकू तेवढ्या शांतपणें म्हणाल्या, “पंगतीला पानें किती मांडायचीं हें ठरविण्याआधीं आपण ओसरी मोजतों. तुम्हीं खड्डा मोजलात, गल्ली मोजली नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही टेप घेऊन हमरस्त्यापासून अंगणापर्यंत चाललों. वळणें मोजलीं, दिंडीची चौकट मोजली, डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहिल्या, गटारावरची फरशी किती भार सोसेल हें गवंड्यास विचारलें. मग सुमारें दीड टन वजनाचें, जेमतेम सव्वातीन फूट रुंदीचें लहान खोदयंत्र ठरविलें. ठरवितांना विचारून घेतलें: भाडें तासावर कीं दिवसावर? डिझेल कोणाचें? चालकाचा भत्ता कोणाकडे? यंत्र बिघडल्यास तो वेळ कोणाच्या खातीं? हीं उत्तरें कागदावर आलीं तेव्हां कळलें कीं, दर निराळा आणि खर्च निराळा.

तीन फुटांखालीं काळा पाषाण लागला व यंत्रास ब्रेकर जोडावा लागला. काकूंची खोली अगदीं लगत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस जड दगडमातीच्या भिंतींखालीं काय झालें, तें मराठवाड्यांत कोणास सांगावें लागत नाहीं. आम्हीं काकूंस पुढच्या ओसरीवर बसविलें. पण उठण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या देवळींत पाण्यानें भरलेलें फुलपात्र ठेवलें. “हें हाललें कीं थांबवा.” पुतण्या दारांतून फुलपात्रावर नजर ठेवी, आणि पाणी थरथरूं लागतांच हांक देई. अखेर भिंतीकडील दोन हातांचा पट्टा यंत्र बाजूस ठेवून पहार-छिन्नीनेंच काढला. दोन दिवस अधिक गेले. भिंतीस तडा गेला नाहीं.

खोलीच्या स्लॅबच्या वेळीं मात्र शहाणपण आधीं सुचलें. मुकादम मिक्सर तीन दिवस ‘हाताशीं’ मागत होता. स्लॅब २० फूट बाय १५ फूट, जाडी ५ इंच; म्हणजे १२५ घनफूट. पोत्यामागें सुमारें साडेचार घनफूट माल धरला तर २८ पोतीं. एका पोत्याच्या मिक्सरनें दर खेपेस आठ मिनिटें घेतलीं तरी चार तासांचें काम! म्हणून वाळू-खडी आधीं अंगणांत आणविली, फळ्या व सळया तपासून घेतल्या, आणि मग एकाच दिवसापुरता मिक्सर बोलाविला. व्हायब्रेटर मात्र दोन आणले. ओतलेलें काँक्रीट कोणासाठीं थांबत नाहीं. एक बंद पडला तर दुसरा जागेवरच हवा. तेथें काटकसर करणें म्हणजे स्लॅबलाच पोकळी ठेवणें होय.

पहिल्या दिवशीं गेलेले पैसे कांहीं परत आले नाहींत. पण आषाढांत टांकी कांठोकांठ भरली, तेव्हां काकूंनीं पहिली कळशी भरून शेजारच्या ओट्यावरील तुळशीला पाठविली. ती घेऊन धाकटे बंधूच गेले.