तीन बाजूंनी कापलेली ‘कादंबरी’

सांगितलेलं नसताना बाइंडर दुसऱ्याच्या पुस्तकाला कटर लावतोच कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

पुस्तक आत्याचं. बाणभट्टाची ‘कादंबरी’, निर्णयसागर छापखान्याची, भानुचंद्र-सिद्धचंद्रांच्या टीकेसह. आत्या गिरगावातल्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. ठाकूरद्वारची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून ते माझ्याकडे आलं. पुठ्ठा लोंबत होता, पण शिवण शाबूत होती.

निर्णयसागर म्हणजे कोलभाट गल्ली, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. जावजी दादाजींनी आधी १८६४ साली टाइपाचा कारखाना काढला, मग १८६९ साली छापखाना. हा क्रम महत्त्वाचा आहे. अक्षराची हौस आधी, धंदा नंतर. राणोजी आरूंनी कोरलेली ती अक्षरं. पानावर वर मोठ्या टाइपात बाणाच्या चार-पाच ओळी, खाली बारीक टाइपात टीका, तळाला त्याहून बारीक पाठभेद. इतकी गर्दी, तरी कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. बाणाचे समास ओळीच्या ओळी लांबतात, पण जोडाक्षर कुठे चेपलेलं नाही. सोनेरी कडा नाहीत, चामडं नाही. शास्त्र्यांनी आणि विद्यार्थ्यांनी रोज हाताळावं असं पुस्तक. सुंदर पुस्तक म्हणजे महागडं पुस्तक, ही समजूत आपल्याकडे अलीकडे आली. निर्णयसागरच्याच आवृत्त्यांचे फोटो काढून आज जी पुनर्मुद्रणं निघतात, त्यांत मात्रा तुटक्या, अनुस्वार गायब आणि पाठीला नुसता गोंद.

तर बाइंडर. “फक्त पाठ धरा आणि पुठ्ठा लावा, बाकी कशाला हात लावू नका,” असं मी बजावलं होतं. “काळजी नको, साहेब,” म्हणाला. आणायला गेलो तर लाल रेक्झिनमधलं एक गुटगुटीत पुस्तक त्याने हातात ठेवलं. तिन्ही बाजू सरळ कापलेल्या. “कडा किती मळल्या होत्या, आता बघा,” हे वर कौतुकाने.

त्या मळक्या कडांवर आत्याची शिसपेन्सिल होती. छापणाऱ्याने सोडलेली मोकळी जागा तिने वर्षानुवर्षं भरली होती. आता काय उरलंय? ‘बहुव्री’. ‘परीक्षेला हम’. एका ठिकाणी ‘इथे बाण’. बाणाने इथे काय केलं, ते कटरखाली गेलं. कातरण मागितली तर ती सकाळीच रद्दीत गेलेली. आणि बिलात ‘कटिंग’ वेगळं लावलेलं! मी ते दिलंही. भांडायला शब्द सुचेनात.

जुनं पुस्तक बांधायला द्यायचं असेल तर समोर स्टूल टाकून बसा. ते जमत नसेल तर सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, निर्णयसागरने तरी कापल्याशिवाय बांधलं होतं का? बाणाचं एक अक्षर गेलं नाही ना?” नाही गेलं. पाठभेदसुद्धा जागच्या जागी आहेत. आणि खरं सांगायचं तर पूर्वी ते पुस्तक उघडायलाच भीती वाटे. आता खुशाल मांडीवर घेऊन वाचतो. शुकनासाच्या उपदेशापर्यंत आलोय. यौवराज्याभिषेकाआधी चंद्रापीडाला लक्ष्मीचे दुर्गुण ऐकवणारा तो मंत्री आत्याचा लाडका असावा, कारण तिथे अर्ध्या शब्दांची रांग लागली आहे. भाऊ म्हणतो, गाळलेल्या जागा भरू या. मी पेन्सिल लपवून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात त्याने स्वतःचा आपट्यांचा संस्कृत कोश त्याच बाइंडरकडे टाकला. “कटिंग नको म्हणून सांगितलंय,” म्हणाला, आणि पैसे आगाऊ देऊन आला.