लाल मूठ

विमानाचे इंजिन सुरू होत नाही, तेव्हा बाहेरून दिसणारे दृश्य एकच असते. पुढचा पंखा अडखळत फिरतो, स्टार्टर कण्हत राहतो आणि आत काहीही पेट घेत नाही. इंधन कमी पडले तरी हेच दिसते, जास्त झाले तरी हेच. उपाय मात्र परस्परांच्या अगदी उलट आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका मध्यरात्री, मुलाच्या संगणकासमोर बसलेली असताना मला हे कळले. त्याविषयी हे टिपण.

मराठीच्या अध्यापिकेने इंजिनाविषयी लिहावे हे विचित्र वाटेल. मला साधी स्कूटर चालवता येत नाही. शिवाय हे इंजिन खरे नव्हते. ते सिम्युलेटरमधल्या पडद्यावरचे होते. विमान सेसना 172. याचे पहिले उड्डाण 1955 मध्ये झाले आणि जगभरात असंख्य वैमानिक याच विमानावर शिकले. 1986 मध्ये त्याचे उत्पादन थांबले होते. 1996 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. इंधन आता इंजिनाच्या माथ्यावरच्या एका वाटपयंत्रातून चार बारीक नळ्यांनी चार सिलिंडरांपर्यंत जाते. हे सारे मला मुलानेच कधीतरी जेवताना सांगितले होते. मी त्या वेळी ‘हं’ म्हटले असणार.

तो दहावीपासून या संगणकावर विमाने उडवीत होता. बारावीनंतर वैमानिक व्हायचे, हे घरात ठरल्यासारखेच होते. मग वैद्यकीय तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीतून आकडे वाचून दाखवायचे असतात. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत. काही पानांवर त्याला आकडाच दिसेना, काहींवर भलताच दिसला. लाल आणि हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना पुरेसा कळत नव्हता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर पाहत होता. घरी आल्यावर त्याने संगणकावर जुनी चादर टाकली. ती आठ महिने तशीच राहिली.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. तो ज्या गुणसूत्रावर असतो, ते मुलाला आईकडूनच मिळते. आईला स्वतःला रंग नीट दिसतात. ती केवळ वाहक असते. माझ्या वडिलांना हिरव्या मिरच्यांतून पिकलेल्या वेचता येत नसत. आम्ही बहिणी त्यांना मुद्दाम ते काम सांगून हसायचो. तपासणीच्या दिवशी मला ते हसणे आठवले. मुलाला मात्र मी यातले काही बोलले नाही.

त्याऐवजी मी दुसरेच पुष्कळ बोलले. बी.एस्सी.चे अर्ज आणले, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांची पत्रके आणली. अपयशातून उभ्या राहिलेल्यांवरचे लेख कापून त्याच्या टेबलावर ठेवले. त्याच्या मामाला फोन करायला लावले, माझ्या एका सहकाऱ्याला घरी बोलावले. तो प्रत्येक गोष्ट ऐकून घेई आणि गप्प बसे. हा उमेद संपल्याचा गप्पपणा आहे असा अर्थ मी लावला आणि आणखी उमेद ओतत राहिले. संहितेचा अर्थ संदर्भाशिवाय लावू नका, असे वर्गात वीस वर्षे सांगणारी बाई मीच.

पुढे तो बी.एस्सी.ला गेला खरा, पण जाणे-येणे तेवढे होते. जूनमध्ये एका रात्री झोप येईना, म्हणून मी त्या टेबलापाशी गेले. संगणक कसा सुरू करायचा ते ठाऊक होते. बाजूला त्याच्या अक्षरातली वही होती: ‘इंजिन सुरू करणे — थंड’. ती वाचताना मला मौज वाटली. आज्ञार्थ नाही, क्रियापदे जवळजवळ नाहीतच. ‘मिक्स्चर — बंद. मास्टर — चालू. पंखा — मोकळा.’ वस्तू आणि तिची अवस्था, एवढेच वाक्य. 1935 मध्ये अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे विमान उड्डाण होताच कोसळले. वाऱ्यापासून जपण्यासाठी लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर अशा याद्यांची शिस्त रुजली. तेव्हा या कोरड्या वाक्यांमागे माणसे गेलेली आहेत.

मी ओळीने करत गेले. थ्रॉटलची काळी मूठ पाव इंच आत. विजेचा इंधनपंप चालू. मिक्स्चरची लाल मूठ पूर्ण आत, इंधनाच्या प्रवाहाचा काटा स्थिर होईपर्यंत तीन ते पाच सेकंद. मग पुन्हा पूर्ण बाहेर. याला प्राइम करणे म्हणतात. विहिरीवरच्या पंपात आधी पाणी भरतात, तसेच काहीसे. पंप बंद. चावी फिरवायची, आणि इंजिनाने पेट घेताच लाल मूठ हळूहळू आत न्यायची. तिसऱ्या प्रयत्नाला पंखा अदृश्य झाला. तेलाच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला. मी एकटीच हसले. मग वहीतल्याप्रमाणे इंजिन बंद केले आणि चहा करायला गेले.

वीस मिनिटांनी परत येऊन तीच यादी, तसेच सारे केले. पंखा फिरला, इंजिन लागले नाही. पुन्हा प्राइम, पुन्हा चावी. पुन्हा प्राइम. स्पीकरचा आवाज बारीक होता, पण तो आवाज ज्याला ओळखीचा आहे त्याला भिंतीपलीकडूनही ऐकू येत असावा.

‘‘आई, थांब. दहा सेकंदांच्या वर स्टार्टर फिरवू नकोस.’’

तो दारात उभा होता. त्याने मला उठवले नाही, मागेच उभा राहिला. ‘‘हे आधी चालू होतं का?’’

‘‘हो, मगाशी.’’

‘‘बंद करून किती वेळ झाला? प्राइम कितीदा केलंस?’’

मी सांगितले. तो म्हणाला, इंजिन बंद झाले की त्यावरून वाहणारी थंड हवाही थांबते. आतली उष्णता वर चढते आणि माथ्यावरच्या त्या बारीक नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. म्हणून गरम इंजिनाची रीत वेगळी असते. ‘‘आणि तू तर त्यात ओततच राहिलीस. आता बुडालंय ते.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘इंधन बंद. हवा येऊ दे.’’

लाल मूठ पूर्ण बाहेर, पंप बंद, थ्रॉटल अर्ध्याहून अधिक आत. चावी फिरवली. पंखा बराच वेळ नुसता फिरला, मग एकदम धडधडला. ‘‘आता मिक्स्चर आत, थ्रॉटल मागे, लगेच!’’ माझा गोंधळ झाला. त्याने माझ्या हातावरून हात नेऊन माउस घेतला.

मी विचारले, ‘‘तुला लाल मूठ कुठली ते कसं कळतं?’’ विचारले आणि जीभ चावली.

तो म्हणाला, ‘‘खऱ्या विमानात बोटांनाच कळतं. थ्रॉटलची मूठ गुळगुळीत असते, मिक्स्चरच्या मुठीला खाचा असतात. अंधारातही चुकू नये म्हणून.’’

तेव्हा मी त्याला मिरच्यांचे सांगितले. हे माझ्याकडून आले, हेही सांगितले. तो पडद्याकडेच पाहत होता. ‘‘माहीत आहे. मी केव्हाच वाचलंय. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो,’’ असे म्हणून तो थोडा थांबला. ‘‘आजोबा पण मिरच्या वेचताना हसायचे का गं?’’

हसायचे. त्यांनाही त्यात गंमत वाटत असे, हे मी विसरून गेले होते.

त्या रात्रीने फारसे काही बदलले असे नाही. तो वैमानिक होणार नाही. पुढे काय, याचे उत्तर त्याच्याकडे अजून नाही, आणि मी कात्रणे कापणे थांबवले आहे. संगणकावर मात्र चादर नसते.

निघण्यापूर्वी त्याने इंजिन बंद केले. चावीला हात न लावता लाल मूठ बाहेर ओढली. आतले होते तेवढे इंधन जळून संपले, पंखा थांबला, आणि मग त्याने चावी फिरवली. ‘‘असंच बंद करतात, म्हणजे आत काही उरत नाही,’’ तो म्हणाला आणि झोपायला गेला.