नोंद

मनामातल्या आमच्या प्रयोगशाळेत लॉगिनसाठी कीक्लोक बसवलं. माणसांची नावं मात्र जुन्याच डेटाबेसमध्ये. ती न हलवता वापरायची म्हणून जावामध्ये यूजर स्टोरेज प्लगिन लिहिलं, जार फाइल प्रोव्हायडर्स फोल्डरमध्ये टाकली, बिल्ड करून सर्व्हर पुन्हा सुरू केला. यादीत प्लगिन दिसेना! मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये फॅक्टरी क्लासचं नाव लिहायचंच राहिलं होतं. कोड हजर, नोंद गैरहजर.

त्याच संध्याकाळी आईचा फोन. "रेशनकार्डावरचं तुझं नाव कमी करायचंय."

इथे माझी ओळख म्हणजे 9 आकडी सीपीआर क्रमांक. तरी "कर" म्हणताना घसा दाटला.

आई म्हणाली, "कार्डावरून काढतेय गं, घरातून नाही. जेवायला कधी येतेस?"