बाटली हातात दिली, सांगितलं काहीच नाही

मायच्या हातात लघवीची बाटली देताना लॅबवाल्यानं दोन वाक्यं बोलायला हवी होती. तो बोलला नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मे महिना, पारा 43-44 वर. माय सेलूजवळच्या आमच्या रानात धसकटं वेचत होती. उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी दिलं. मग हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा परभणी गाठली.

रिपोर्टवर पस सेल 15-20, एपिथेलियल सेल भरपूर. पहिला आकडा बघून इंजेक्शन सुरू झालं, खालच्या ओळीकडे कुणी बघितलंच नाही. एपिथेलियल सेल भरपूर म्हणजे बाहेरच्या कातडीच्या पेशी बाटलीत उतरल्या, नमुनाच धड नाही. त्यातल्या पस सेलचा भरवसा काय? जागा पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडायची, मधली बाटलीत धरायची, बाटली लगेच लॅबमध्ये द्यायची. नऊवारी सावरत अंधाऱ्या संडासात उभ्या असलेल्या बाईला हे आपोआप कसं कळावं? पैसे मात्र मोजून घेतले.

ताप उतरेना. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून नमुना घेतला, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवला. ई. कोलाय, एका मिलिलिटरला 1 लाखाच्या वर. आणि आधीचं इंजेक्शन ‘आर’च्या रकान्यात, म्हणजे त्या जंतूवर ते चालतच नव्हतं. बाई म्हणाल्या, औषध चालू असताना कल्चरमध्ये कित्येकदा काही उगवतच नाही; आपल्याला जंतू सापडला हे नशीब.

पहिल्या डॉक्टरांवर मी फार चिडलो होतो. पण कल्चरला दोन-तीन दिवस लागतात आणि तापानं फणफणलेल्या बाईला तोवर थांबवता येत नाही. इंजेक्शन दिलं ते बरोबरच. त्याआधी कल्चरसाठी नमुना घ्यायचा राहिला, ते चूक.

‘पाणी भरपूर प्या’ हे तर सगळेच सांगतात. पण रानात लघवीला जायचं कुठं? कापूस उभा असतो तोवर बाईला आडोसा असतो. पऱ्हाटी उपटली की मैलभर उघडं रान. मग दिवसभर पाणी प्यायचं नाही आणि लघवी दाबून धरायची, हाच बायांचा शिरस्ता. मळ्याच्या कडेला चार पत्र्यांचा आडोसा करायला किती खर्च येतो? बैलांसाठी गोठा बांधतोच की आपण.

लॅबवाल्यांनो, नमुना कसा घ्यायचा ते मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लिहा. आणि जिला वाचता येत नाही, तिला तोंडानं सांगा.