उघडाबोडका

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा भोसल्यांचा शिलालेख बघतो, सरस्वती महालात डोकावतो आणि परततो. शहराबाहेर भातखाचरात एका पायावर उभ्या असलेल्या याच्याकडे कोण बघणार? बघण्यासारखं काही नाहीच म्हणा. बांबूची काठी, वर आडवी बांधलेली हातभर काटकी. कागदोपत्री मात्र भारदस्त नाव : पक्षीथांबा. कावेरीला मेट्टूर धरणाचं पाणी आलं, कुरुवई हंगामाची भातलावणी आटोपली, की हा चिखलात रोवला जातो.

बुजगावण्याचा हा भाऊ, पण स्वभावाने पार उलटा. ते सदरा चढवून पाखरांना हाकलतं. हा उघडाबोडका उभा राहून त्यांना बसायला जागा देतो.

कोतवाल येऊन बसतो. तमिळमध्ये त्याला ‘इरट्टैवाल कुरुवी’ म्हणतात, दोन शेपट्यांचा. बराच वेळ तो काहीच करत नाही. मग एकदम सूर मारतो, पतंग हवेतच पकडतो आणि परत त्याच जागी. काठी जराशी डुलते. पतंग पायाखाली दाबून तो पंख उपटतो; ते खाली पाण्यावर तरंगत राहतात. खोडकिड्याची मादी असेल तर पानाच्या शेंड्यावरची अंडी वाचली, म्हणजे पुढे पोकळ पांढऱ्या लोंब्यांची पळींजही टळली.

1960 नंतर या जिल्ह्यात पॅकेज योजनेतून खतं, औषधं आली. भातात फवारण्या वाढल्या की आधी कोळी मरतात आणि तुडतुडे मोकाट सुटतात. इंडोनेशियाने तर 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदीच घातली. फवारणीवरचा भार कमी करणाऱ्या वाटेला एकात्मिक कीड व्यवस्थापन हे जडजंबाल नाव. नाशिकच्या द्राक्षबागेत त्यात चिकट सापळे येतात, पिठ्या ढेकणावर सोडलेले क्रिप्टोलेमस भुंगेरे येतात, इथे हा येतो.

याच्या मर्यादाही आहेत. चुडाच्या बुंध्याशी दडलेल्या तुडतुड्यांपर्यंत कोतवाल पोचत नाही, तिथे कोळीच हवा. कोतवालालाही मित्रकीटक कळत नाहीत; चतुरही तो तितक्याच आवडीने खातो. रात्री उंदरांसाठी घुबड यायचं तर त्याला ही काटकी पुरत नाही, नारळाच्या झावळीचा जाड देठ उलटा रोवावा लागतो.

दाणा दुधात आला की मुनिया येतात. हा त्यांनाही बसू देतो. मग शेतकरी त्याला उपटून बांधावर टाकतो.

दुसऱ्या दिवशी कोतवाल येतो, खाचरावर दोन घिरट्या घालतो आणि म्हशीच्या पाठीवर जाऊन बसतो.