‘लवकरच’ म्हणजे कधी?

मास कॉमच्या पहिल्या वर्षाला कम्युनिकेशनचा एक गोल शिकवतात. निरोप देणारा, निरोप, माध्यम, निरोप घेणारा आणि त्याच्याकडून उलटा येणारा फीडबॅकचा बाण. परीक्षेत मी तो स्केचपेनने रंगवून काढला होता. फुल मार्क्स! त्यातला शेवटचा बाण कशासाठी असतो, हे कळायला मात्र नोकरी लागावी लागली.

त्याआधी २०१६ची आठवण. मी पक्की मीरा रोडची. कॉलेजात असताना पॉकेटमनीसाठी एका कॉल सेंटरमध्ये इंटरव्ह्यू दिला. क्रेडिट कार्ड विकायचं साधंसुधं काम. टीम लीडरने हातात स्क्रिप्ट ठेवली, म्हणाला, “लिहिलंय तेच बोलायचं, डोकं लावायचं नाही.” नाइट शिफ्ट म्हटल्यावर आईने विषय तिथेच संपवला.

त्याच ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटर्सवर छापे टाकले. (मी गेले होते ते सेंटर त्यात नव्हतं, पण आईने क्रेडिट घेतलंच.) ‘अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा टॅक्स थकलाय, पोलीस दारात येतील’ असं सांगून तिथल्या लोकांकडून पैसे उकळण्याचा धंदा चालला होता. सातशेहून जास्त जण ताब्यात, सत्तरेक जणांना अटक. त्यात कितीतरी विशी-पंचविशीतले, लोकलमध्ये आपल्या शेजारी उभे असतात तसे.

नुसतं कम्युनिकेशन म्हणून बघाल तर सगळं कसं सॉलिड! अमेरिकन नावं, घोटलेले उच्चार, लिहून दिलेली वाक्यं, घाबरलेलं गिऱ्हाईक पुढच्या ‘क्लोजर’कडे ढकलायची शिस्त. फक्त उलटा बाण गायब. मीरा रोडला बसून आपण अमेरिकेचे टॅक्स ऑफिसर कसे झालो, हे वरच्याला विचारायचं कुणी? ‘मी असते तर विचारलं असतं’ असं मी कित्येक वर्षं ऐटीत म्हणायचे.

मग अंधेरीतल्या एका पीआर एजन्सीत लागले. क्लायंट बिल्डर, टॉवर भाईंदरला. फ्लॅट बुक केलेल्यांना दर महिन्याला मेल पाठवायचा, हे माझं काम. ‘काम अंतिम टप्प्यात’, ‘लवकरच’, ‘आपल्या संयमाबद्दल आभार’. इतकं गुळगुळीत लिहायचे की क्लायंट जाम खूश. ऑगस्टच्या मेलमध्ये त्यांच्या मार्केटिंगने सांगितलं म्हणून ‘दिवाळीत पझेशन’ असंही ठोकून दिलं.

चौथ्या दिवशी आमच्याच सोसायटीतल्या, भाड्याने राहणाऱ्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. “अगं, आमच्या फ्लॅटचं पत्र आलं, दिवाळीत ताबा! घरमालकाला सांगून टाकलं, जागा सोडतो म्हणून.” ते पत्र कुणी लिहिलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी नुसती हसले. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत फारच हळू चढते आमची.

रात्री महारेराची वेबसाइट उघडली. २०१७च्या मेपासून हा कायदा पूर्णपणे लागू आहे आणि बिल्डरला प्रोजेक्टची प्रगती दर तिमाहीला तिथे टाकावी लागते. आमच्या क्लायंटने स्वतःच भरलेली तारीख होती पुढच्या जूनची. म्हणजे सरकारला जून आणि काकूंना दिवाळी!

सकाळी हिंमत करून साइट सुपरवायझरला फोन लावला.

“मॅडम, लिफ्टची ऑर्डरच गेली नाही अजून. दिवाळी कसली?”

“मग हे वर सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठा दिला.”

सुपरवायझरकडून प्रोजेक्ट हेड, त्याच्याकडून सेल्स, मग मार्केटिंग, मग मी. प्रत्येक पायरीवर तारीख थोडी थोडी गोड होत गेली होती. खोटं असं कुणीच बोललं नव्हतं, आणि साइटवर फोन करायला मला लागली फक्त दोन मिनिटं. तीही लागली काकूंमुळे. नाहीतर सप्टेंबरचा मेलही मी तितक्याच झोकात लिहिला असता.

बॉस भडकला. क्लायंटला विचारल्याशिवाय साइटवर फोन केलाच कसा? दहा दिवस खलबतं चालली. शेवटी महारेराची तारीख कुणीतरी पेपरात छापेल, या भीतीने (चांगुलपणाने नव्हे) क्लायंट तयार झाला. मेलमध्ये चार ओळी. दिवाळीची तारीख चुकीची होती. लिफ्ट बाकी आहे. जूनच्या आधी ताबा नाही. शंका असल्यास या नंबरवर फोन करा. त्यातली ‘चुकीची होती’ ही ओळ टिकवायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं.

नंबर माझाच होता. तीन दिवस नुसत्या शिव्या खाल्ल्या. दोघांनी बुकिंग रद्द केलं. पुढे तो क्लायंटही एजन्सी सोडून गेला.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन. आवाज ओळखून मी नाव सांगितलं, मेल मीच लिहिते हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“आधीचाही तूच?”

“हो काकू.”

“बरं. मग आता खरं सांग, जून म्हणजे जूनच ना? घरमालकाकडे पुन्हा जायचंय मला. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू की सहा?”

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून सुपरवायझरचा नंबर लावला.