माणसाच्या वासास अनावृत पत्र

प्रिय माणसाच्या वासा,



जन्मापासून तू माझ्यासोबत आहेस, पण आपली ओळख नाही. माझाच असून तू मला येत नाहीस. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाला मात्र तू उंबऱ्याबाहेरच कळायचास. दार ढकलण्याआधी तो नाक फेंदारायचा, घरात कुणी माणूस लपलाय हे ओळखायचा आणि आम्ही भीतीने गोधडीत शिरायचो. राक्षस नसतात हे पुढे कळलं. तसलं नाक मात्र असतं. उत्तर अमेरिकेच्या जंगलात पांढऱ्या शेपटीचं हरीण ते घेऊन फिरतं. त्या नाकापासून तुला लपवण्यासाठी तिथले शिकारी काय काय करतात हे वाचून तुला चार शब्द लिहावेसे वाटले.

तिकडे हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, नेमून दिलेल्या संख्येपुरतीच करता येते. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी उघडतो. पेनसिल्व्हेनियात तो वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि ग्रामीण भागातल्या कित्येक शाळा त्या दिवशी सुट्टी द्यायच्या. २०१९ पासून तो शनिवारवर आला. मारलेल्या हरणाचं मांस घरच्या फ्रीझरमध्ये जातं आणि पुढे कित्येक महिने पुरतं. बंदूकवाल्याला शंभर-दीडशे मीटरवरून नेम धरता येतो, त्यामुळे त्याला तुझी धास्ती जरा कमी. धनुष्यबाण घेऊन झाडावरच्या मचाणात बसणाऱ्याला मात्र हरीण वीस-पंचवीस मीटरच्या आत यायला हवं असतं. तिथे त्याची खरी गाठ तुझ्याशी पडते.

तुला धरायचं तरी कुठे? ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतल्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रवावर त्वचेवरचे जिवाणू तुटून पडतात, तो फोडून त्यातून उग्र आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं तयार करतात आणि तेव्हा कुठे तू जन्माला येतोस. मग त्यात केसांचं तेल मिसळतं, श्वास मिसळतो, गळणाऱ्या त्वचेचे कण आणि रात्री खाल्लेला लसूणही मिसळतो. अंघोळीने तू कमी होतोस, पण टॉवेल वाळेपर्यंत जिवाणू पुन्हा कामाला लागलेले असतात. माणूस जिवंत आहे तोवर तुझा कारखाना बंद पडत नाही.

तरी शिकारी हार मानत नाहीत. बिनवासाच्या साबणाने अंघोळ करतात, डिओडरंट लावत नाहीत. कपडे बेकिंग सोड्यात धुतात, बाहेर दोरीवर वाळवतात आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवतात. कुणी त्यात पाइनच्या डहाळ्या आणि जंगलातला पालापाचोळाही भरतो. हे कपडे घरात किंवा गाडीत घालायचे नाहीत. रानाच्या कडेला पोचल्यावर, पहाटेच्या थंडीत कुडकुडत अंगावर चढवायचे. बूट रबरी हवेत, कारण चामडं वास धरून ठेवतं. ते घालून पेट्रोलपंपावर उतरायचं नाही. रानात वाटेतल्या झुडपांना हात लावायचा नाही, कारण तू तिथेही मागे राहतोस. माणूस निघून गेल्यावर कितीतरी वेळाने त्या वाटेवर आलेलं हरीण थबकतं आणि माघारी वळतं. यातलं बरंचसं शहाणपणाचंच आहे. बेकिंग सोडा आम्लांशी संयोग पावतो आणि त्यांचे हवेत न उडणारे क्षार बनतात, म्हणजे तुझा तेवढा भाग खरोखरच दबतो.

बाजाराला एवढ्यावर समाधान नसतं. तुला कमी करतो म्हटल्याने माल खपत नाही, नाहीसं करतो म्हणावं लागतं. १९९० च्या दशकात ॲक्टिव्हेटेड कार्बनचे शिकारी कपडे आले. कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत वासाचे रेणू अडकतात हे खरं. छिद्रं भरली की काय करायचं? तर घरच्या ड्रायरमध्ये फिरवा, कार्बन पुन्हा ताजा होईल, असं सांगितलं गेलं. कारखान्यात वापरलेला कार्बन पुन्हा कामाचा करायला कित्येक शे अंश सेल्सिअस तापमान लागतं. ड्रायर तेवढा तापला तर शर्टच उरायचा नाही. २००७ साली मिनेसोटात काही शिकाऱ्यांनी अशा कपड्यांच्या जाहिरातींविरुद्ध दावा लावला. २०१० मध्ये खालच्या न्यायालयात त्यांची सरशी झाली, पुढच्या वर्षी अपिलात कंपन्यांची.

न्यायालयाआधी कुत्र्यांनी आपला निकाल दिला होता. जॉन शिविक या वन्यजीवशास्त्रज्ञाने काही माणसांना कार्बनचा पोशाख घालून आणि काहींना साध्या कपड्यांत लपायला सांगितलं आणि शोधकुत्री सोडली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुत्र्यांनी जवळपास सगळ्यांना हुडकून काढलं. पोशाखाने त्यांच्या कामात फरक पडला नाही. वासा, त्या दिवशी तू नुसत्या कापडाला हरला नाहीस, ही तुझ्या बाजूची नोंद मी इथे करून ठेवतो.

मग ओझोन सोडणारी यंत्रं आली. ओझोन वासाच्या रेणूंवर हल्ला करतो, पण तो फुप्फुसांनाही सोडत नाही, आणि मचाणात त्याच्याशेजारी शिकाऱ्यालाच बसायचं असतं. तुला झाकायला बाटल्या निघाल्या : कोल्ह्याचं मूत्र, रानमातीचा वास. नराला भुलवायला माजावरच्या हरिणीचंही मूत्र आलं. या शेवटच्या बाटलीतून भलतंच संकट उभं राहिलं. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा दिसलेला, हरणाला खंगवत नेऊन मारणारा मेंदूचा रोग आता अनेक राज्यांत पसरला आहे. त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिनं लाळेतून, विष्ठेतून आणि मूत्रातूनही बाहेर पडतात. म्हणून व्हर्जिनिया, व्हरमाँटसारख्या राज्यांनी हरणाच्या खऱ्या मूत्राच्या वापरावर बंदी घातली. शिकारीच्या हौसेपायी हरणांच्या कळपात रोग नेणं, याला शहाणपण कसं म्हणायचं?

एवढे पैसे आणि पावसाळे घालवलेले शिकारी शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे वारा. तू चुलीच्या धुरासारखा वाहतोस : उगमापाशी दाट आणि निमुळता, पुढे पातळ आणि रुंद. धूर जिकडे जातो तिकडे हरीण येऊ नये, एवढंच पाहायचं. हे वाक्य सोपं आहे, रान सोपं नाही. उतारावर सकाळी ऊन पडलं की हवा तापून वर चढते आणि तुला डोंगरमाथ्याकडे नेते. संध्याकाळी जमीन निवली की तीच हवा ओघळत दरीत उतरते. म्हणून रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर असलेला शिकारी ऊन चढल्यावर त्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि सांज उतरताना खालच्या. ओढ्याचं पात्र, रानाची कड, एखादा बांध, प्रत्येक ठिकाणी तू वेगळं वळण घेतोस. ते पाहायला कुणी पिठासारखी बारीक पूड उडवतो, कुणी मिल्कवीडचे तंतू सोडतो. हे मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं. आपल्याकडची मुलं ज्या म्हाताऱ्या फुंकरीने उडवतात, तसल्याच म्हाताऱ्या तिथला गडी मचाणावरून सोडतो आणि त्या कुठे वळतात, कुठे बुडतात हे डोळ्यांनी पाहतो. तू दिसतोस तो एवढाच.

पलीकडे हरीणही हाच अभ्यास करत असतं. बसताना ते बहुधा वारा पाठीवर घेतं : मागून येणारा नाकाला कळतो, पुढून येणारा डोळ्यांना दिसतो. ओल्या नाकावर वासाचे कण नीट टिकतात म्हणून ते नाक चाटत राहतं. काही हललंसं वाटलं तर लगेच पळत नाही. पुढचा पाय आपटतं, मान खालीवर करतं आणि वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊ पाहतं. दिसलेल्या गोष्टीबद्दल त्याला शंका राहते. तू पोचलास की शंका संपते. एक जोरदार फुत्कार, उभारलेली पांढरी शेपटी, आणि शिकाऱ्याची सकाळ गेली. म्हणून जाणता शिकारी दोन-तीन मचाणं वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी बांधून ठेवतो आणि वारा प्रतिकूल असेल त्या दिवशी त्या मचाणाकडे फिरकतही नाही. दुकानात विकत न मिळणारं हेच एक साधन आहे आणि तेच सगळ्यात कमी वापरलं जातं.

आता मुद्द्याचं सांगतो. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या साथीदारांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. मोकळ्या जनावराला निसटण्याची रास्त संधी असली पाहिजे, हे तत्त्व त्या क्लबने शिकाऱ्यांमध्ये रुजवलं. शतकभरापूर्वी बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आलेलं पांढऱ्या शेपटीचं हे हरीण आज तीन कोटींच्या आसपास आहे. त्यामागे हंगामाचे कायदे आहेत, परवान्यांचा पैसा आहे, १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा करही आहे. पण कायदा रानात शिकाऱ्याशेजारी बसत नाही. तिथे हरणाच्या बाजूने तू उभा असतोस. दुर्बिणी वाढल्या, झाडाला बांधलेले कॅमेरे आले, धनुष्यांना कप्प्या लागल्या. माणसाची प्रत्येक उणीव यंत्राने भरून काढली. तू तेवढा उरलास. ज्या दिवशी एखादी बाटली तुला खरोखर नाहीसं करेल, त्या दिवशी शिकार संपून कत्तल सुरू होईल. तुझ्याविरुद्धचा उद्योग फसला, हे त्यामुळे मला चांगलंच वाटतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला लगाम घातला आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने पूर्णविराम दिला. तुझं काम मात्र संपलं नाही. नरभक्षक वाघांच्या मागावर फिरणाऱ्या जिम कॉर्बेटने लिहून ठेवलंय की माणसाचं नाक निकामी आहे हे वाघाला माहीत नसतं. तो माणसावरही हरणासारखीच झडप घालतो, म्हणजे वारा माणसाकडून त्याच्याकडे येईल अशा बाजूने. या समजुतीवर कॉर्बेटने आपला जीव सांभाळला. आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात किंवा ताडोबाच्या बफर क्षेत्रात पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसणाऱ्यांना आजही सूचना मिळते : भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणं नको. सूचना योग्यच, पण अर्धी. अत्तर घरी ठेवलं तरी तू सोबत येतोसच. पाण्याकडे येणारं सांबर मध्येच खूर आपटतं, ढाँक करून ओरडतं आणि आल्या वाटेने जातं, तेव्हा सगळे वाघ शोधू लागतात. कधीकधी त्याला वाघाचा नव्हे, आपलाच सुगावा लागलेला असतो.

तेव्हा तुला माझं मागणं असं की तू आहेस तसाच राहा. आणि रानात बंदूक, बाण, कॅमेरा किंवा नुसते डोळे घेऊन जाणाऱ्या सगळ्यांना विनंती : अंग स्वच्छ ठेवा, कपडे साध्या सोड्याने धुवा, बाटल्यांचे पैसे वाचवा. निघण्यापूर्वी वारा पाहा, आणि तो जनावराकडे वाहत असेल तर त्या दिवशी दुसरी जागा निवडा, नाहीतर घरी बसा.

तुझ्यासकट रानात जाणारा,
एक माणूस